टर्बो, वॉरंटी आणि मामांचा प्लॉट

आमच्या होस्टेलमध्ये रात्रीच्या मेसनंतर जी चर्चा सुरू होते तिला विषयाचे बंधन नसते. क्रिकेट, प्लेसमेंट, मेसच्या वरणातली डाळ नेमकी कुठे जाते, हे सगळे आटोपले की गाडी गाड्यांवर येते. आमच्यापैकी एकाकडेही स्वतःची कार नाही. जास्तीत जास्त एखाद्याची सेकंडहँड स्प्लेंडर, तीही पेट्रोल कोणी टाकायचे या वादात स्टँडवर उभी. पण 'रिमॅप', 'स्टेज वन', 'बूस्ट' हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. व्हायवाला टर्बोचार्जरची आकृती काढता आली नाही तरी चालेल, पण कोणत्या गाडीची पॉवर किती वाढते हे पाठ असते.

या चर्चेत तीन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, "कंपनीवाले मुद्दाम पॉवर दाबून ठेवतात बे." दुसरे, "तेच इंजिन दुसऱ्या गाडीत जास्त पॉवर देते, मंग आपल्यात काऊन नाही?" आणि तिसरे, सर्वांत लाडके, "वॉरंटीचं टेन्शन नको घेऊ. क्लेमच्या आधी ओरिजिनल फाईल टाकून घ्याची. कोणाले कळते?"

मागच्या उन्हाळ्यात हीच तीन वाक्ये थेट आमच्या घरात आली, आणि त्यांचे उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि ऐकले ते मित्रांसाठी लिहून काढतो आहे.

माझे मामा कामठीला राहतात. कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाईनच्या बाजूला नोकरी करून ते रिटायर झाले. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, बुटीबोरी एमआयडीसीत नोकरीला आहे. रोज कामठी ते बुटीबोरी म्हणजे नागपूर आरपार करायचे. म्हणून दादाने एक छोटी टर्बो पेट्रोल कार घेतली. डाऊन पेमेंटमध्ये मामांच्या रिटायरमेंटचे पैसे आहेत आणि बाकीचा हप्ता दादाच्या पगारातून जातो. गाडीला तीन वर्षांची वॉरंटी, त्यातली दोन वर्षे अजून शिल्लक होती. दादाला एका ट्यूनरने तीस हजारांत १०० पीएसचे १२५ करून देतो असे सांगितले होते. दादा मला म्हणाला, "तू मेकॅनिकलचा आहे ना बे? मंग सांग, करू का नको?"

आधी एक कबूल केले पाहिजे. त्या ट्यूनरने स्वतःच्या ट्यून केलेल्या गाडीत आम्हाला ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे कामठी रोडवर एक चक्कर मारून आणली. मजा खरोखर येते. ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटते. ज्याला हे आवडत नाही त्याने मेकॅनिकल घेऊच नये. तेव्हा ट्यूनिंग करणारी पोरे वेडी असतात, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. आणि तो ट्यूनरही सरळ माणूस होता. दादाने विचारल्यावर त्याने स्वच्छ सांगितले, "वॉरंटी जाऊ शकते. ती मी देत नाही." लपवाछपवीचे सल्ले देणारे वेगळेच होते, आणि ते सगळे फुकट सल्ले होते.

आता पहिले वाक्य घेऊ. कंपनी पॉवर दाबून ठेवते का?

टर्बोचार्जरची कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक टर्बाईन फिरवायचे, त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर बसवायचा आणि इंजिनमध्ये हवा दाबून भरायची. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त तर टॉर्क जास्त. छोट्या गाडीतले टर्बो मिनिटाला दोन लाखांवरही फेरे घेते, आणि ते सगळे तेलाच्या पातळ थरावर. बूस्ट किती द्यायचा, स्पार्क कधी टाकायचा, पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयूमधले नकाशे ठरवतात. रिमॅप म्हणजे हे नकाशे बदलणे. इंजिनला एक नटसुद्धा नवा लागत नाही, म्हणून ते फुकट मिळाल्यासारखे वाटते.

मी दादाच्या घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा मूळ बूस्ट १ बार आहे आणि ट्यूनर तो १.३ करतो. वातावरणाचा १ बार धरला तर सिलिंडरकडे जाणारा दाब २ चा २.३ झाला, म्हणजे त्याच तापमानाला हवा १५ टक्के जास्त. इथपर्यंत आनंद आहे. पण हवा दाबली की तापते, हे थर्मोच्या पहिल्या युनिटमध्ये आहे. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २५ अंशांची हवा दुप्पट दाबावर साधारण ११८ अंशांना पोचते. हीच हवा ४५ अंशांवर आत घेतली तर ती १४५ च्या आसपास जाते. आणि बूस्ट १.३ केला की १६७. ही उष्णता इंटरकूलरने बाहेर टाकायची असते. पण इंटरकूलरवरून जाणारी हवाही ४५ अंशांचीच आहे, आणि गाडी कामठीच्या रेल्वे फाटकावर उभी असेल तर तेवढीही मिळत नाही.

आत जाणारी हवा जितकी गरम तितकी नॉकिंगची भीती जास्त. म्हणजे स्पार्कच्या ज्वाळेची वाट न पाहता मिश्रण आपोआपच स्फोटासारखे जळायचे, आणि पिस्टनवर हातोडा बसायचा. मूळ नकाशात याची सोय असते. नॉक सेन्सरने आवाज ऐकला की ईसीयू स्पार्क मागे घेते, हवा तापली की बूस्ट कमी करते. कंपनीने 'दाबून ठेवलेली' पॉवर ती हीच. ती हलक्या पेट्रोलसाठी, एअर फिल्टर न बदलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी, आणि आपल्याकडच्या मे महिन्यासाठी ठेवलेली असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. ज्याने इंजिनचा नकाशा बनवला त्याला थंड हवेच्या गावासाठी वेगळा आणि कामठीसाठी वेगळा बनवता येत नाही. एकाच नकाशात दोघांनाही बसवायचे असते. म्हणून थंडीत, सकाळच्या वेळी, चांगल्या पेट्रोलवर इंजिनमध्ये जागा उरलेली दिसते. ट्यूनर ती जागा विकतो. मे महिन्यात दुपारी तीनला तीच जागा इंजिनला हवी असते.

रिमॅप नको असेल तर त्याच ट्यूनरकडे स्वस्तात ट्यूनिंग बॉक्सही मिळतो. तो ईसीयूला हात लावत नाही. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दाब झाल्याचे ईसीयूला सांगतो. ईसीयू बिचारी विश्वास ठेवते आणि बूस्ट वाढवते. चुकीच्या सेन्सरने काय होते हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितले की सेन्सर बिघडला होता. तिथे निदान माणसे होती, त्यांनी शेजारच्या केंद्रांचे आकडे पाहून शंका घेतली. ईसीयूला शंका घ्यायला फार कमी जागा असते. तिला आपणच खोटे सांगायचे आणि इंजिन सांभाळायची जबाबदारीही तिच्यावरच टाकायची, हा प्रकार मला तरी पटला नाही.

दुसरे वाक्य, तेच इंजिन दुसऱ्या गाडीत जास्त पॉवर देते. याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल. हे पुण्याजवळच्या रांजणगावलाही बनायचे. मारुतीच्या स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस द्यायचे आणि एसएक्स-४ मध्ये ९० पीएस. बीएस-६ आले आणि २०२० मध्ये हे इंजिन आपल्याकडे बंद झाले, पण "स्विफ्ट फक्त सॉफ्टवेअरने मागे ठेवली होती" हे वाक्य अजून ऐकू येते. खरे म्हणजे ७५ वाल्यात साधा टर्बो होता आणि ९० वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्रीचा, ज्यात टर्बाईनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलतो. ब्लॉक एक, पण फुप्फुस वेगळे. तेव्हा 'तेच इंजिन' म्हणण्याआधी पार्ट नंबर बघावेत. टर्बो, इंजेक्टर, क्लच, रेडिएटर हे सगळे तेच आहे का? असेल तर बोलू.

आणि तिसरे वाक्य, "कोणाले कळते?" याचे उत्तर मला पुस्तकात नाही, ट्रेनिंगमध्ये मिळाले.

सहाव्या सेमिस्टरनंतर मी नागपुरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये महिनाभर इनप्लांट ट्रेनिंग केले. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. एके दिवशी एक टर्बो पेट्रोल गाडी टोइंग व्हॅनवर आली. इंजिन थरथरत होते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एक सिलिंडर पडलेला निघाला. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला, नंतर हेड उघडले. पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटली होती. मालक माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "गाडीत काहीच केलं नाही हो, फक्त सर्व्हिसिंग."

स्कॅनर लावला. प्रत्येक ईसीयूत नकाशाचा एक ओळख क्रमांक असतो आणि त्याबरोबर एक पडताळणी क्रमांक. हा दुसरा क्रमांक म्हणजे मेसच्या रजिस्टरखालच्या बेरजेसारखा. आतला एक आकडा बदलला तरी बेरीज बदलते. त्या गाडीत हे दोन्ही क्रमांक बरोबर होते, कारण त्याने खरोखरच मूळ फाईल परत टाकून घेतली होती. पण त्या ईसीयूमध्ये प्रोग्रामिंग किती वेळा झाले याची नोंदही राहते. कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणे ते एकदाच व्हायला हवे होते. गाडीत चार वेळा दिसत होते. रिपोर्ट वर गेला आणि क्लेम नामंजूर झाला. बिलाचा अंदाज लाखाच्या वर होता.

मला त्या मालकापेक्षा जास्त लक्षात राहिला तो तिथला टेक्निशियन. आयटीआय झालेला, भंडाऱ्याकडचा मुलगा. फोटो त्यानेच काढले, रिपोर्टवर सही त्याचीच. तो मला म्हणाला, "मी लिहिलं नसतं तर माही नोकरी गेली असती. लिहिलं तर याचं इंजिन गेलं. यानं पयलेच सांगितलं असतं तर निदान मी खोटा तरी नसतो पडलो त्याच्यासमोर." कारण मालकाचा सगळा राग त्याच्यावरच निघाला होता. 'कोणाले कळते' म्हणताना हा माणूस आपल्या हिशेबात कधीच नसतो.

आता थोडे कायद्याचे. इंटरनेटवर वाचून आपली मुले सांगतात की बदल केला म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, बदलामुळेच बिघाड झाला हे तिलाच दाखवावे लागते. हे अमेरिकेतल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या संदर्भात बोलले जाते. तो कायदा कामठीत लागू नाही. आपल्याकडे वॉरंटी पुस्तिका हाच करार. दादाची पुस्तिका आम्ही दोघांनी पहिल्यांदाच उघडली, तोपर्यंत ती प्लॅस्टिकमध्येच होती. परवानगी नसलेल्या बदलांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे तिच्यात होते. काच वर-खाली करणारी मोटर बिघडली आणि तिचा क्लेमही रिमॅपच्या नावाखाली नाकारला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पण पिस्टन तुटल्यावर तिथे जाऊन 'रिमॅपमुळे नाही' हे पटवणे अवघड आहे.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहे. रजिस्ट्रेशनमधल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात मालकाने नियमबाह्य बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. इन्शुरन्स कंपनीलाही बदल कळवायचा असतो. ही सगळी बेरीज त्या तीस हजारांच्या कोटेशनमध्ये नसते.

हे सगळे मी दादाला संध्याकाळी अंगणात सांगत होतो. कूलरला पाणी भरता भरता मामा ऐकत होते. आम्हाला वाटले, त्यांना यातले काय कळणार. त्यांनी पाईप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आमचं टर्बाईन ३००० आरपीएमवर चालायचं. ३३०० च्या आसपास गेलं की आपोआप ट्रिप. आता ग्रिड असताना ते तिथं जातच नाही, ते सोड. पण मधले तीनशे फेरे कोणासाठी ठेवले? एखाद्या रात्री अचानक लोड सुटला, तर त्याच्यासाठी. मी पस्तीस वर्षं ड्युटी केली, ते तीनशे माह्ये हायेत असं मले कधी वाटलं नाही."

दादा म्हणाला, "बाबूजी, पण गाडी तर आपली आहे ना."

मामा म्हणाले, "गाडी तुही हाय. पण कंपनीनं तीन वर्षांची हमी कशाच्या भरवशावर देली? त्याच जागेच्या भरवशावर. ते जागा तू कंपनीकडे ठेवून वॉरंटी घेतली. आता तेच जागा ट्यूनरले देऊन पॉवर घेतो म्हणतो. एकच प्लॉट दोघांले विकणाऱ्याची बातमी पेपरात आली की आपण काय म्हणतो त्याले?"

यावर दादा काही बोलला नाही, आणि मलाही बोलण्यासारखे उरले नाही. माझी दीड पानाची आकडेमोड मामांनी दोन वाक्यांत संपवली होती. तसा हा प्रश्न मामांच्या पैशाचाही होता, पण त्यांनी पैशाचे नाव काढले नाही. त्यांना टोचले ते 'मूळ फाईल टाकून घेऊ' हे बोलणे. रात्रपाळीच्या लॉगबुकात खोटा आकडा न लिहिलेला माणूस तो.

टर्बो आणि हमी यांचे भांडण नवे नाही, हे मला नंतर वाचनात सापडले. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेली कार आली. अशा पहिल्या दोन गाड्यांतली ती एक. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडायचे होते. मालक ती टाकी भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःहून बूस्ट कमी करायची, आणि मग लोक तक्रार करायचे की पॉवर गेली. शेवटी कंपनीनेच १९६५ मध्ये टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे गिऱ्हाईक कसे वागेल हे धरून जागा सोडावी लागते, हा धडा कंपन्या साठ वर्षांपूर्वीच शिकल्या आहेत.

दादाने रिमॅप केला नाही. वॉरंटी संपेपर्यंत तरी नाही, असे तो म्हणतो. त्यानंतर केला तर इन्शुरन्सला आणि आरटीओत विचारून, लपवून नाही. त्या तीस हजारांतले काही चांगल्या टायरमध्ये गेले. रोज नागपूर आरपार करणाऱ्याला पॉवरपेक्षा ब्रेक जास्त वेळा लागतो, हे त्याचेच म्हणणे. ट्यूनरशी त्याची मैत्री मात्र टिकून आहे, आणि मला ते बरे वाटते.

ज्युनिअर मित्रांना एकच सांगायचे. ट्यूनिंगची हौस असेल तर ती जिरवू नका. त्यासाठी फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धा आहेत. तिथे टर्बो लावायला परवानगी आहे, फक्त पेट्रोल इंजिनला सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते. त्या भोकातून जास्तीत जास्त पॉवर काढून दाखवा, खरा कस तिथे लागतो. पिस्टन तुटला तर तो आपला, आणि का तुटला हे रिपोर्टमध्ये आपणच लिहायचे. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जॉबकार्ड भरताना, समोरच्या मुलाला न विचारता आपणहून सांगता येईल, तेवढाच बदल गाडीत करायचा.